इंग्रजीचा तास आणि वऱ्हाडी जीभ

(वलगाव, जि. अमरावती येथे इंग्रजी विषयाच्या शिक्षकांसमोर केलेले भाषण)



वलगाव म्हटले की कोणत्याही वऱ्हाडी माणसाला प्रथम पेढी नदी आणि तिच्यावरचा पूल आठवतो. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे नेले जात असताना याच ठिकाणी संत गाडगेबाबांनी देह ठेवला. आज आपण जमलो आहोत ते इंग्रजी विषयाच्या अध्यापनाचा विचार करण्यासाठी, आणि मी आरंभ करतो आहे तो अक्षरओळख नसलेल्या एका महापुरुषाच्या स्मरणाने. हा केवळ स्थानमाहात्म्याचा उपचार नव्हे. बाबांच्या कीर्तनाचा आणि इंग्रजीच्या तासाचा एक जवळचा संबंध मला दिसतो. त्याकडे मी पुढे येणारच आहे.

प्रथम एक खुलासा करणे माझे कर्तव्य आहे. मी इंग्रजीचा अध्यापक नाही. भाषाशास्त्राचा अभ्यासकही नाही. कला शाखेचा पदवीधर असून माहिती खात्यात नोकरी करतो. इंग्रजी टिपणे वाचून त्यांचा मजकूर मराठीत उतरवणे हा माझ्या रोजच्या कामाचा मोठा भाग. तेव्हा माझे इंग्रजी बरे असणार, असा आपला समज होणे साहजिक आहे. माझाही तसाच समज होता. काही वर्षांपूर्वी परप्रांतातील पाहुण्यांचे एक पथक आपल्या जिल्ह्यातील संत्र्याच्या बागा पाहण्यास आले. सोबत मी होतो. एका पाहुण्याने मला इंग्रजीत विचारले, या बागेत झाडे किती आणि ती किती वर्षांची आहेत? प्रश्न पाचवीच्या मुलाला कळेल असा होता. उत्तर तर माझ्या हातातील कागदावरच लिहिलेले होते. पण माझ्या तोंडून शब्द फुटेना. वाक्याच्या आरंभी ‘देअर आर’ म्हणावे की ‘देअर इज’, या विचारातच मी अडकलो. तेवढ्यात बागेचे मालक पुढे झाले आणि म्हणाले, “साहेब, टू हंड्रेड ट्री, टेन इयर.” पाहुण्यांनी समाधानाने मान हलवली आणि सारे जण पुढच्या ओळीकडे वळले.

त्या रात्री मी बराच वेळ विचार करीत होतो. पाचवीला मी इंग्रजी शिकण्यास सुरुवात केली. पदवीपर्यंत दहा-अकरा वर्षे हा विषय सोबत होता. त्या सर्व काळात वर्गात उभे राहून स्वतःच्या मनातले एक तरी इंग्रजी वाक्य मी बोललो होतो का? मला एकही आठवले नाही. वाचलेली वाक्ये पुष्कळ आठवली. फळ्यावरून उतरवलेली आठवली, ‘पॅसिव्ह’ करून दाखवलेली तर शेकड्यांनी आठवली. माझे शिक्षक अत्यंत कष्टाळू होते, हे मी कृतज्ञतेने सांगतो. त्यांनी आम्हाला उत्तीर्ण केले. मात्र आमच्या जिभेला त्या भाषेचा स्पर्श होऊ दिला नाही. कदाचित त्यांच्या शिक्षकांनीही त्यांना तो होऊ दिला नव्हता.

आज मला एवढेच मांडावयाचे आहे की, आपल्या शाळांतील इंग्रजीची अडचण पुस्तकात किंवा अभ्यासक्रमात जेवढी आहे, त्याहून अधिक ती या न फुटणाऱ्या शब्दात आहे. आणि तो फोडण्याचे साधन आपल्याच बोलीत पडलेले आहे.

थोडा इतिहास पाहू. आपल्या राज्यात दीर्घकाळ इंग्रजीचा आरंभ पाचवीपासून होत असे. सन २००० मध्ये मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. त्यावेळी विरोधाचे आणि स्वागताचे दोन्ही सूर उमटले. त्या वादात मी जात नाही. परंतु एक गोष्ट त्या गदारोळात काहीशी मागे पडली. पहिलीच्या वर्गासमोर जे गुरुजी उभे राहिले, ते स्वतः पाचवीत इंग्रजी शिकू लागलेले, भाषांतर आणि व्याकरण यांच्यावर वाढलेले, आणि गावात ज्यांच्याशी इंग्रजी बोलावे असे एकही माणूस नसलेले होते. ज्या भाषेत त्यांनी कधी कुणाला पाणी मागितले नव्हते, त्या भाषेत त्यांना सहा वर्षांच्या मुलाशी बोलायचे होते. सहा वर्षांच्या मुलाशी बोलणे हे पदवीच्या वर्गाला व्याख्यान देण्यापेक्षा कठीण आहे. तेथे पुस्तकी वाक्य चालत नाही. ‘चप्पल बाहेर काढ’, ‘नाक पूस’, ‘कुणी मारले?’ असे बोलावे लागते, आणि हे इंग्रजी आपल्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात आपण शिकलो नव्हतो.

अध्यापनाच्या पद्धतीही सतत बदलत गेल्या. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्या पोसल्या. पुढे रचनापद्धती आली. वर्गात मातृभाषेचा शब्द काढणे हा जणू अपराध ठरला. १९५८ मध्ये हैदराबादला इंग्रजीची मध्यवर्ती संस्था स्थापन झाली. २००७ पासून ती केंद्रीय विद्यापीठ आहे. तेथून प्रशिक्षण घेतलेली मंडळी राज्याराज्यांत गेली. नंतर संवादपद्धती आली, त्यामागून कृतियुक्त अध्यापन, त्यामागून ज्ञानरचनावाद. प्रत्येक वेळी प्रशिक्षणवर्गात शिक्षकाला सांगण्यात आले की, काल तुम्ही करीत होता ते चूक होते. वीस वर्षे नोकरी झालेल्या शिक्षकाला हे तीन-चार वेळा ऐकावे लागले असेल, तर तो नव्या पद्धतीचे नाव ऐकून नुसता हसतो, यात त्याचा दोष किती?

या संदर्भात एका भारतीय अध्यापनतज्ज्ञाचा उल्लेख करणे उचित होईल. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर, मद्रास आदी ठिकाणच्या साध्या शाळांत एक प्रयोग केला. व्याकरणाचा नियम आधी न सांगता मुलांसमोर एक कोडे ठेवायचे. आगगाडीचे वेळापत्रक, गावाचा नकाशा, बाजाराचा हिशेब अशी सामग्री द्यायची आणि ते कोडे सोडवता सोडवता भाषा येऊ द्यायची. जगभर त्या प्रयोगाची चर्चा झाली. पण मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते त्यांनी १९९० मध्ये मांडलेले मत. सर्वांत उत्तम अशी कोणतीही एक पद्धत नसते. आपल्या शिकवण्यातून मूल शिकते कसे याविषयी शिक्षकाची स्वतःची जी जिवंत समज असते, तीच खरी, आणि ती जेव्हा यांत्रिक होते तेव्हा कोणतीही पद्धत निष्फळ ठरते. स्वतः एक पद्धत उभी केलेल्या माणसाने हे म्हणावे, याला विशेष अर्थ आहे.

आता तोंडी परीक्षेकडे वळतो, कारण येथे बसलेल्या माध्यमिक शिक्षकांच्या ती जिव्हाळ्याची आहे. दहावीला भाषा विषयांत ८० गुण लेखी आणि २० गुण अंतर्गत मूल्यमापनाचे होते. २०१८-१९ या वर्षी हे २० गुण बंद झाले. मार्च २०१९ च्या परीक्षेचा राज्याचा निकाल ७७.१० टक्के लागला. आदल्या वर्षी तो ८९.४१ टक्के होता. अभ्यासक्रमही त्याच वर्षी नवा होता, त्यामुळे सर्व घसरण तोंडी गुणांच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही. तरीही पालकांत आणि शिक्षकांत मोठी खळबळ झाली आणि पुढील वर्षापासून ते गुण पुन्हा सुरू झाले.

शिक्षक बंधूंनो, मी शासनाचाच माणूस आहे. म्हणून हे घरातले बोलणे समजा. ते २० गुण आपण कशाचे देत होतो? कित्येक ठिकाणी मुलाचे तोंड न उघडताच तोंडी परीक्षा पूर्ण होत असे, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे. पाठ केलेले चार ओळींचे स्वतःविषयीचे निवेदन, एक कविता, की झाले अठरा गुण. आपण हे मुलांच्या कळवळ्याने करीत होतो. पण गुण दिल्याने त्याची जीभ सुटली नाही, आणि गुण काढून घेतल्यानेही सुटली नसती. वर्षभर जे वर्गात घडत नाही ते फेब्रुवारीतील एका दुपारी कसे घडावे?

वर्षभर का घडत नाही, याचा एक सोपा हिशेब करून पाहा. तासिका ३५ मिनिटांची. हजेरी, फळा पुसणे, वह्या काढणे यांत पाच मिनिटे गेली. पंधरा मिनिटे शिक्षक बोलले. उरली पंधरा मिनिटे. वर्गात ४० मुले असतील, तर प्रत्येकाच्या वाट्यास २२ सेकंद येतात. त्यातही हात वर करणारी पाच मुले सर्वांचा वाटा खातात. मागील बाकावरची मुलगी सहा-सहा महिने एक शब्द बोलत नाही. हाच वेळ मुलांच्या वीस जोड्या करून एकाच वेळी बोलण्यास दिला, तर प्रत्येकाला सात मिनिटे मिळतात. गोंगाट होईल. शेजारच्या वर्गाचे शिक्षक तक्रार करतील. मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे की त्यांनी तो गोंगाट काही दिवस ऐकून घ्यावा. मुले चुकीचे बोलतील, हेही मान्य. तथापि बागेच्या त्या मालकांचे वाक्य व्याकरणाने चूकच होते, आणि त्या दिवशी काम झाले ते त्यांच्याच वाक्याने.

येथे मला गाडगेबाबा आठवतात. बाबांचे कीर्तन हे एकट्याचे निरूपण नसे. ते श्रोत्यांना प्रश्न विचारीत. साधा, घरातला, ज्याचे उत्तर प्रत्येकाला ठाऊक आहे असा प्रश्न. मग थांबत. हजारोंच्या समुदायातून उत्तर आले, की त्या उत्तरातूनच पुढचा प्रश्न निघे. असे करीत करीत कर्ज, दारू, नवस, अस्वच्छता यांच्यापर्यंत ते श्रोत्यांना त्यांच्याच शब्दांनी आणून सोडीत. आणि हे सारे अस्सल वऱ्हाडीत. मधूनच नामाचा गजर होई. जो बोलण्यास लाजत असे, त्याचेही तोंड त्या गजरात उघडे. सोपा प्रश्न, थांबण्याची तयारी, आलेल्या उत्तराचा स्वीकार आणि सर्वांनी मिळून म्हणणे: भाषेच्या तासाला याहून वेगळे काय लागते? आपण मात्र प्रश्न विचारतो आणि दोन सेकंदांत स्वतःच उत्तर देऊन टाकतो. थांबणे आपल्याला जमत नाही. अभ्यासक्रम संपवायचा असतो.

आता बोलीविषयी. आपल्या मुलाने मराठीच्या तासाला ‘केयी’ म्हटले की आपण त्याला ‘केळी म्हण’ असे सांगतो. ‘मले’ म्हटले की वर्ग हसतो. पहिल्याच वर्षी त्याला कळते की आपल्या घरचे बोलणे येथे चालत नाही. एकदा गप्प बसवलेले ते मूल इंग्रजीच्या तासाला पुन्हा गप्प बसते. हे दुसरे मौन पहिल्यातूनच आलेले असते. मेळघाटातील कोरकू मुलाचे तर विचारूच नका. त्याची मातृभाषा मुंडा कुळातील, मराठीशी नाते नसलेली. त्याला शाळेची मराठी हीच परकी, आणि तिच्या पाठोपाठ इंग्रजी. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने मुलाच्या घरच्या भाषांना वर्गातील संपत्ती मानले आहे. ही संपत्ती वऱ्हाडात किती आहे, याची दोन-तीन उदाहरणे देतो.

‘मी शाळेत जाऊन राह्यलो’, ‘माय पाणी भरून राह्यली’. या वाक्यरचनेला पुण्या-मुंबईकडे लोक हसतात. पण चालू वर्तमानकाळ शिकवताना हीच रचना सोन्यासारखी आहे. क्रिया चालू आहे हे दाखवण्यासाठी वऱ्हाडी माणूस मूळ क्रियापदाला एक जोड देतो. इंग्रजीही ‘आय ॲम गोइंग’ म्हणताना जोडच देते. ‘जातो’ आणि ‘जाऊन राह्यलो’ यांतील फरक ज्या मुलाच्या रक्तात आहे, त्याला ‘आय गो’ आणि ‘आय ॲम गोइंग’ यांतील फरक नियमाने शिकवण्याची गरज काय? मात्र एक सावधगिरी हवी. आपण ‘मले समजून राह्यलं’ असेही म्हणतो, त्यामुळे मूल ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’ म्हणू लागते. तेथे थांबवून सांगावे की समजणे, माहीत असणे, आवडणे यांना इंग्रजी सहसा ही जोड देत नाही. एवढे सांगितले की काम भागते.

तीच गोष्ट ‘मले भूक लागली’ याची. आपल्याकडे भूक, ताप, आठवण या माणसाकडे चालत येणाऱ्या गोष्टी आहेत. इंग्रजीत माणूसच भुकेला असतो. हे मुलांना सांगून पाहा, त्यांना गंमत वाटते. आपले ‘वर’, ‘खाली’, ‘मध्ये’ नावाच्या मागून येतात, त्यांचे पुढून जातात. म्हणूनच मूल ‘टेबल ऑन’ म्हणते. त्याची ती चूक म्हणजे आळस नव्हे. त्याने आपल्या भाषेचा नियम प्रामाणिकपणे पाळलेला असतो.

उच्चाराचे उदाहरण तर याच गावाच्या नावात आहे. वलगाव हे नाव इंग्रजीत कोणी ‘डब्ल्यू’ने लिहितो, कोणी ‘व्ही’ने. आपला ‘व’ त्या दोहोंच्या मधला आहे, म्हणून दोघांचेही काही चुकत नाही. इंग्रजीत मात्र ‘डब्ल्यू’साठी ओठांचा चंबू करावा लागतो आणि ‘व्ही’साठी वरचे दात खालच्या ओठाला टेकवावे लागतात. मराठी लेखनाने हा भेद केव्हाच टिपला आहे. ‘वॉर्ड’ लिहिताना आपण ‘व’ घेतो आणि ‘व्हॅन’ लिहिताना ‘व्ह’. त्या ‘व्ह’मधील ‘ह’चा श्वास तेवढा काढून टाकला की झाले. गावाच्या नावावरून दहा मिनिटांचा हा पाठ कोणत्याही पुस्तकाशिवाय घेता येतो.

आणि शब्द? मोटर, पंप, स्टार्टर, व्हॉल्व्ह, पाईप, ट्रॅक्टर, ट्रॉली, जिनिंग, क्विंटल, बिल, फॉर्म, लिंक. कापसाच्या या मुलखातील पहिलीच्या मुलाकडे शंभरेक इंग्रजी शब्द घरूनच आलेले असतात. पहिल्या आठवड्यात ते सारे फळ्यावर लिहून घ्यावेत. आपल्याला इंग्रजी येत नाही, ही त्याची समजूत तेथेच निम्मी गळून पडेल.

शिक्षकांच्या व्यावसायिक जीवनाविषयी बोलल्याशिवाय हे सारे अपुरे राहील. इंग्रजीचा शिक्षक हा गावातील एकाकी माणूस आहे. गणिताच्या शिक्षकाचे गणित बाजारात वापरले जाते. मराठीच्या शिक्षकाचे मराठी पारावर वापरले जाते. इंग्रजीच्या शिक्षकाला मात्र त्या भाषेत बोलण्यास मुलांखेरीज कोणी नाही. ज्या विहिरीत झरा नाही, तिचा उपसा किती दिवस करणार? त्यात दोनशिक्षकी शाळेत चार इयत्ता एकत्र, निवडणुकीची कामे, माहितीचे तक्ते, पोषण आहाराच्या नोंदी. हे सर्व एका दिवसात दूर होईल, असे आश्वासन मी देऊ शकत नाही. तो माझा अधिकारही नाही.

पण झरा मोकळा करण्याचे काही मार्ग आपल्या राज्यातच चोखाळले गेले आहेत. पुण्याच्या सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस या संस्थेने ‘वुई लर्न इंग्लिश’ हा ध्वनिकार्यक्रम तयार केला. त्यात मुलांना उत्तर देण्यासाठी मुद्दाम जागा सोडलेली असे, आणि शिक्षकही मुलांबरोबर ऐकत शिकत. २०१६ च्या सुमारास राज्य शासन, टाटा ट्रस्ट्स आणि ब्रिटिश कौन्सिल यांच्या ‘तेजस’ उपक्रमात जवळपासच्या शाळांतील शिक्षकांचे गट नियमितपणे एकत्र बसू लागले. आपण काय शिकवले, कोठे फसलो, हे ते एकमेकांना सांगत. वरून कोणी व्याख्याता यावा लागत नसे. हे तर आपणही करू शकतो. दोन शेजारच्या शाळांतील दोन शिक्षकांनी आठवड्यातून दोनदा फोनवर दहा मिनिटे फक्त इंग्रजीत बोलायचे ठरवले, तर त्याला ना निधी लागतो ना परिपत्रक. पहिले चार दिवस हसू येईल.

ग्रामपंचायत सदस्यांना दोन शब्द. सकाळी आपल्या गावातून शहराकडे पिवळ्या बसगाड्या जातात. पालक म्हणतात, तिकडे इंग्रजी आहे. त्यांच्या म्हणण्यात व्यथा आहे आणि ती खोटी नाही. परंतु ‘असर’ पाहणीनुसार ग्रामीण भारतात पाचवीतील साधी इंग्रजी वाक्ये वाचू शकणारी मुले २०१६ मध्ये २४.७ टक्के होती, २०२२ मध्ये २४.५ टक्के. खासगी आणि शासकीय अशा दोन्ही शाळांतील मुले या आकड्यात आहेत. तेव्हा बसचा रंग पाहून निर्णय करू नये. शाळेला भेट द्याल तेव्हा ‘बाळ, हे वाचून दाखव’ असे म्हणू नका. वाचून दाखवणे त्याला पाठ असते. त्याला त्याच्या बैलाचे नाव इंग्रजीत विचारा. तो अडखळला तर थांबा. आणि शाळेच्या वाचनकोपऱ्यासाठी मोठ्या अक्षरांची, चित्रांची पन्नास इंग्रजी गोष्टींची पुस्तके ग्रामपंचायतीने द्यावीत. ती कपाटात कुलूपबंद राहणार नाहीत, एवढी अट मात्र जरूर घाला.

माझा वेळ संपत आला आहे. चहानंतर येथील सातवीच्या मुलामुलींना मी थोडा वेळ मागून घेतला आहे. ते माझ्या कचेरीविषयी आणि माझ्या गावाविषयी मला इंग्रजीत प्रश्न विचारणार आहेत. प्रश्न आधी लिहून घेऊ नयेत आणि मला दाखवूही नयेत, अशी विनंती मी त्यांच्या बाईंना केली आहे. मुले तयारीत आहेत, असे त्या म्हणाल्या. मी कितपत तयारीत आहे, ते आपण पाहालच.